विजयदुर्गाचा निकाल बदला, पण भरती-ओहोटी बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युद्धाचा निकाल उलटा लागला असता तर पुढे काय झाले असते, या एका प्रश्नावर उभे राहिलेले थरारपट परदेशात पुष्कळ निघाले. हिटलर जिंकला आहे, लंडनच्या नाक्यांवर जर्मन पहारा आहे, हा साचा आता आपल्याकडच्या प्रेक्षकालाही पाठ झाला आहे. मराठीत असा चित्रपट काढायची गोष्ट निघाली की गाडी थेट पानिपतावर जाऊन थांबते: विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? विषय मोठा आहे, पण थरारपटाला गैरसोयीचा आहे. लाखाच्या घरातली माणसे, महिनोन् महिने चाललेली उपासमार आणि एका गोळीवर टांगलेला सगळा निकाल. कोकण किनाऱ्यावर याहून नेटका प्रसंग पडून आहे. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. तीन पक्ष, एक खाडी, आणि दोन दिवसांत लागलेला निकाल. अशा चित्रपटाची जुळवाजुळव करणाऱ्यांनी काय सांभाळावे, एवढ्यापुरते हे पत्र आहे. लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

आधी घडले ते असे. मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रज आणि पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांच्यात विजयदुर्गाचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध करार झाला. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. वर्षअखेरीस ॲडमिरल वॉटसनचे राजेशाही आरमार मुंबईत होते आणि क्लाइव्हही तिथेच होता. ही ताकद खरे तर दख्खनेत फ्रेंचांविरुद्ध वापरायची होती. तो बेत बारगळला आणि रिकाम्या हातांना आंग्र्यांचे काम मिळाले. ७ फेब्रुवारी १७५६ रोजी ताफा मुंबईहून निघाला, ११ तारखेला विजयदुर्गासमोर आला. १२ तारखेच्या दुपारी समुद्रवारा धरून जहाजे वाघोटन खाडीत शिरली आणि गडाच्या उत्तर अंगाला दोन ओळींत उभी राहिली. चार-साडेचारच्या सुमारास एक बाँबगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज तुळाजींनी १७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकून घेतलेले. ते पेटले, शेजारची गुराबे, म्हणजे आंग्र्यांची मोठी लढाऊ जहाजे, पेटली, आणि दिवस मावळेपर्यंत आंग्र्यांचे आरमार संपले. रात्री क्लाइव्हने फौज उतरवली, १३ तारखेच्या संध्याकाळी गडाने हत्यार ठेवले. इंग्रजांकडची मेलेली आणि जखमी माणसे मिळून विसाच्या आसपास. लूट सुमारे दहा लाख रुपयांची. तिची वाटणी कशी करायची ते मुंबई सोडण्याआधीच ठरले होते आणि त्यात पेशव्यांचा वाटा नव्हता.

आता पहिली अडचण, आणि पटकथा लिहिणारे ती टाळतील अशी आम्हाला रास्त भीती आहे. विजयदुर्गाला जमिनीकडून वेढा घालून बसलेली फौज मराठ्यांचीच होती. समुद्रात वॉटसन, जमिनीवर रामाजीपंत, मध्ये तुळाजी सरखेल. इंग्रज विरुद्ध मराठे अशी सोपी मांडणी केली तर चित्रपट पहिल्या दहा मिनिटांत खोटा पडतो. उलट ही गुंतागुंत हाच थरार आहे. हल्ल्याच्या वेळी तुळाजी गडावर नव्हते. बोलणी करायला रामाजीपंतांच्या छावणीत गेले होते आणि गड मेहुण्याच्या हाती सोपवला होता. वॉटसन आणि क्लाइव्ह यांना गडाच्या तोफांइतकीच धास्ती होती ती याची, की छावणीतल्या छावणीत समेट होईल आणि गड परस्पर पेशव्यांच्या हाती जाईल. क्लाइव्ह रात्रीच उतरला तो मित्राच्या फौजेला गडापासून अडवण्यासाठी. दोन मित्र एकाच दारापाशी आधी कोण पोहोचतो म्हणून एकमेकांवर नजर ठेवून आहेत आणि घरमालक त्यातल्या एकाच्या तंबूत बसला आहे. यापेक्षा चांगला दुसरा अंक कल्पनेने रचता येणार नाही. नायकाला शौर्य दाखवायला मिळावे म्हणून कृपा करून तुळाजींना तटावर आणून उभे करू नका. ते छावणीत राहू देत.

दुसरी गोष्ट, निकाल बदलण्यासाठी चमत्कार लागत नाही. याच गडावर कंपनीने १७१७ आणि १७२० मध्ये, तर डचांनी १७२४ मध्ये हल्ले केले होते आणि तिन्ही फसले. १७२० मध्ये तर इंग्रजांनी मुद्दाम सपाट बुडाची तरंगती तोफशाळा बांधून आणली होती. तिच्या तोफांच्या खिडक्या अशा होत्या की तोफेचे तोंड पुरेसे वर करता येईना आणि गोळे गडाऐवजी पाण्यात. मग १७५६ मध्ये काय वेगळे होते? कंपनीच्या व्यापारी जहाजांऐवजी राजाची लढाऊ जहाजे होती: ‘केंट’ सुमारे ७० तोफांचे, ‘कंबरलँड’ आणि ‘टायगर’ साठाच्या पुढेमागे, ‘सॅलिसबरी’ ५० तोफांचे. पाच बाँब-केच, म्हणजे उखळी तोफा वाहणारी छोटी जहाजे, होत्या. जमिनीकडची वाट बंद होती. कान्होजी १७२९ मध्ये गेल्यावर घर फुटले होते, कुलाब्याचे मानाजी आणि विजयदुर्गाचे तुळाजी एक नव्हते. आणि मालक गडाबाहेर होता. यातला एक दुवा काढायचा, तोही असा की काढणे त्या काळी, त्या माणसांना, त्या खाडीत शक्य होते. बाकी सगळे जसेच्या तसे ठेवायचे.

कोणता दुवा? बहुतेकांचा हात पाण्याखालच्या भिंतीकडे जाईल. गडाच्या पश्चिमेला समुद्रात दगडी बांधकाम आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे, आणि शत्रूची जहाजे त्यावर आपटून फुटत असे गावोगाव सांगतात. पडद्यावर ते झकास दिसेल यात शंका नाही. पण १२ फेब्रुवारीला एवढी मोठी जहाजे खाडीत सुखरूप शिरली हे नोंदलेले सत्य आहे. त्याच जहाजांना त्याच वाटेवर भिंत आडवी घातली तर विजयदुर्गातला शाळकरी पोरही हसेल. या बंदराच्या मुखाशी वाळूचा बांध नाही, मोठे जहाज थेट आत येते. एरवीचे हेच वैभव त्या दिवशी घातक ठरले.

आमच्या मते दुवा आहे तो बाँब-केच. गडाचा तट ‘केंट’च्या तोफांनी पडला नाही. भरीव लोखंडी गोळा दगडी तटावर आदळतो, खपली काढतो आणि खाली पडतो. आरमार जळाले ते उखळी तोफांच्या पोकळ, दारू भरलेल्या गोळ्यांमुळे, आणि त्या उखळ्या या पाच छोट्या जहाजांवर होत्या. केच ओळखायला सोपी: दोन डोलकाठ्या, पण मोठी काठी बरीच मागे, पुढचा भाग रिकामा, कारण तिथे उखळ बसवलेले. जहाजाच्या मानाने लहान, माणसे कमी, आणि पोट दारूने भरलेले. पाचांतल्या तीन जरी ११ तारखेच्या रात्री जळाल्या, तरी १२ तारखेची दुपार आपल्याला ठाऊक असलेल्या रीतीने उलगडत नाही.

ही रात्र नीट समजून घ्यावी, कारण इथेच चित्रपट तरेल किंवा बुडेल. गणिताने काढले तर ११ फेब्रुवारी १७५६ ला माघ शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासची तिथी येते. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा ठोकताळा जुना आहे: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, येईल त्या वाजता भरती. म्हणजे त्या संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास भरती पूर्ण, तिथून दीड-दोनपर्यंत ओहोटी. फेब्रुवारीत समुद्रावरचा खारा वारा संध्याकाळी पडतो, मध्ये काही वेळ पान हलत नाही, आणि रात्री दहा-अकरानंतर जमिनीकडून मतलई सुटते. पहाटेकडे ती जोर धरते. तेव्हा अकरा ते दीड या वेळात पाणीही बाहेर आणि वाराही बाहेर. खाडीतून समुद्रात काहीही सोडायचे तर हाच मुहूर्त.

त्यातच चंद्र. दशमी-एकादशीचा चंद्र अडीच-तीनच्या सुमारास मावळतो. म्हणजे ही काळोखी रात्र नव्हे, आणि ‘अंधाराचा फायदा घेऊन’ वगैरे संवाद इथे चालणार नाहीत. पण चंद्र पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला आहे. खाडीतून जाणाऱ्याला चकाकत्या पाण्यावर जहाजांच्या काळ्या आकृत्या लख्ख दिसतात, केचची मागे सरलेली काठीसुद्धा. जहाजावरच्या पहारेकऱ्याला मात्र समोर किनाऱ्याचा काळा कडा आणि त्याच्या सावलीत पाणी. छायाचित्रकाराला याहून जास्त काय हवे?

आता आगीची होडी. चित्रपटात ती म्हणजे मशाल फेकली आणि भडका उडाला. प्रत्यक्षात बंद होडीत लावलेली आग गुदमरते. जुना मचवा घ्यायचा, फळ्यांना दोन्ही बाजूंनी, पाण्याच्या वर, झाकणे असलेली भोके पाडायची. झाकणे खाली उघडणारी हवीत, म्हणजे बांधलेले दोर जळाले की ती आपोआप पडतात आणि हवा आत ओढली जाते. वरच्या फळीलाही धूर निघायला वाट हवी. पोटात तळाशी सुक्या झावळ्या आणि गवताचे भारे, मध्ये काथ्याचे गुंडे, त्यावर राळ वितळवून ओतलेली आणि उंडीचे तेल शिंपडलेले. हे सगळे कोकणात होडी बांधणाऱ्याच्या घरीच मिळते, बाहेरून काही आणायला नको. झावळ्या मात्र निदान महिनाभर वाळलेल्या हव्यात. ओल्या असल्या तर नुसता धूर होतो, मतलईवर तो धूर शत्रूच्या दिशेने आधी पोहोचतो आणि वासानेच बोंब होते. परभाणाच्या, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीच्या, टोकांना लोखंडी आकडे, समोरच्या जहाजाच्या दोरखंडांत अडकायला. सुकाणू ठरल्या दिशेला बांधून टाकायचे. मागे चार वल्ह्यांची छोटी होडी, शेवटच्या दोन माणसांना परत यायला.

बिघडते ते वेळेत. लवकर पेटवले तर पहिल्यांदा शीड आणि दोर जातात, मग होडी नुसती पाण्याबरोबर वाहते, आडवी फिरते आणि दोन जहाजांच्या मधून निघून जाते. उशिरा पेटवले तर माणसे अडकतात. शंभर-दीडशे हातांवर पेटवणे हा मध्य, पण ओहोटीची ओढ तासाला तीन सागरी मैलांची असेल तर ते अंतर पाऊण मिनिटात संपते. खेरीज नांगरलेल्या ताफ्याभोवती पहाऱ्याच्या होड्या फिरत असतात. त्यांचे काम आकडे टाकून अशी पेटती होडी बाजूला ओढणे हेच. म्हणून एक होडी कधीच पाठवत नाहीत. दोन नुसत्या धुराच्या, लक्ष खेचायला, आणि मागून तीन खऱ्या. गलबतांनी त्या ओढत न्यायच्या. आंग्र्यांच्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत आणि वारा पडलेला असताना गुराबे ओढत नेऊन मोठ्या जहाजाच्या पिछाडीवर मारा करणे ही त्यांची नेहमीचीच रीत. १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांच्या ताफ्याला त्यांनी असेच नमवले होते. सराव होता, माणसे होती. गाबीत, भंडारी, कोळी, दालदी, आणि त्यांना वाघोटन खाडी तळहाताइतकी माहीत. बाहेर पाळतीवर कंपनीची जहाजे होतीच, त्यामुळे खुल्या समुद्रात लढायला जाणे शक्य नव्हते. पण ओहोटीबरोबर पेटत्या होड्या सोडणे शक्य होते.

इथे आम्ही पटकथाकाराला आवरायला सांगू. या हल्ल्यात ‘केंट’ जळत नाही. पेटती होडी येताना दिसली की मोठ्या जहाजाचा कप्तान कुऱ्हाडीने नांगराचा दोर तोडतो, आणि मतलई व ओहोटी त्याला किनाऱ्यावर नव्हे, खुल्या समुद्रात नेतात. खडकावर आपटण्यासाठी वारा समुद्राकडून हवा. रात्री तो नाही. म्हणजे मिळकत एवढीच: दोन-तीन केच जळाल्या, तीन-चार मोठ्या जहाजांनी नांगर गमावले, ताफा पांगला. सकाळी वॉटसनला जहाजे गोळा करायची आहेत, सुटे नांगर बांधायचे आहेत, आणि उरलेल्या केचवर माणसे वाटून द्यायची आहेत. एक दिवस गेला. कदाचित दोन.

एक दिवस म्हणजे काय, हे समजायला पुन्हा तिथी. प्रत्यक्षात १२ तारखेला दुपारी जहाजे शिरली तेव्हा ठोकताळ्याने ओहोटी संपत आलेली किंवा भरती नुकती लागलेली. कसलेला नाविक अनोळखी खाडीत नेहमी वाढत्या पाण्यावरच शिरतो. बूड टेकलेच तर थोड्या वेळात पाणीच त्याला उचलते. पण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, आणि खारा वारा मात्र रोज दुपारीच सुटतो. १४ तारखेला एक-दीडला शिरायचे ठरवले तर पाणी अजून तीन तास उतरणार आहे. आता गडाच्या एखाद्या गोळ्याने सुकाणू फुटले आणि ‘टायगर’ वाऱ्याने खाडीच्या उथळ कडेला जाऊन टेकले, तर ते संध्याकाळी सातनंतरच सुटेल. तोवर तिरपे पडलेले, एका बाजूच्या तोफा पाण्याकडे आणि दुसऱ्या आभाळाकडे, आणि गडाच्या तोंडासमोर. त्याला ओढायला आलेल्या होड्यांवरही मारा. निकाल बदलतो तो इथे, आणि एकही अशक्य गोष्ट न घडता.

गडावरच्या तोफांबद्दल थोडे, कारण आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत हाच भाग सर्वांत ढिसाळ असतो. तटावरून मारलेला प्रत्येक गोळा जमिनीवर पडून फुटतो, मातीचा कारंजा उडतो, माणसे हवेत. भरीव गोळा फुटत नाही. तो उसळतो, पाण्यावर टप्पे खातो, लाकडात घुसतो; माणसे मरतात ती उडालेल्या ढलप्यांनी. फुटतो तो उखळीचा गोळा, आणि तोही लाकडी नळीतल्या वातीवर. वात लांब राहिली तर तो पडून धुमसत राहतो आणि धाडसी माणूस त्यावर ओले पोते टाकू शकतो. आखूड झाली तर हवेतच फुटतो. या धुमसत्या गोळ्याभोवतीचे चार क्षण म्हणजे थरारपटाला आयता प्रसंग, तो वाया घालवू नये.

तोफ भरताना ओला बोळा फिरवणे ही शोभेची क्रिया नाही. आत निखारा राहिला तर पुढची दारूची पिशवी ठासतानाच पेटते आणि ठासणाऱ्याचा हात जातो. क्रम असा: ओला बोळा, दारू, कोरडा बोळा, गोळा, गजाने ठासणे, कानातून, म्हणजे तोफेच्या मागच्या बारीक भोकातून, टोचून पिशवी फोडणे, कानात बारीक दारू, बत्ती. उंच तटावरून खाली मारायचे तर मागून पाचर घालून तोफेची शेपूट उचलावी लागते, आणि मग गोळ्यापुढे आणखी एक बोळा हवाच, नाहीतर गोळा घरंगळून बाहेर येतो. शत्रू अगदी तटाखाली आला तर वरच्या बुरुजाच्या तोफा निरुपयोगी होतात; तिथे पाण्यालगतच्या खालच्या रांगेतल्या तोफांनाच काम. जड तोफेला दहा-बारा माणसे लागतात, आणि दमल्यावर दोन-तीन मिनिटांत एक बार झाला तरी पुष्कळ. पहिल्या काही फैरींनंतर पांढऱ्या धुराने काहीही दिसत नाही. खारा वारा तो धूर खाडीच्या आत, पूर्वेला नेतो, म्हणजे पश्चिमेकडचा बुरुज पाहू शकतो आणि पूर्वेकडचा आंधळा मारतो. अर्ध्या किलोमीटरवरचा बार दिसल्यानंतर आवाज यायला जवळजवळ दीड सेकंद लागतो. ध्वनिसंयोजकाने एवढे पाळले तरी प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर येईल.

चित्रीकरणाबद्दल. गड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीतल्या मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांमध्ये आहे, त्यामुळे तटाजवळ खरी दारू उडवण्याचा विचारही नको. ‘केंट’सारखे दीडशे फुटांच्या वरचे जहाज आपल्याकडे कोणी बांधणार नाही, ते संगणकावरच होईल. पण मचवे, गलबते आणि वल्हवणारी माणसे खरी घ्या; संगणकातले पाणी वल्ह्यावरून निथळताना ओळखू येते. गिर्ये-रामेश्वरकडची खडकात कोरलेली आरमारी गोदी अजून जागेवर आहे, ओहोटीला पूर्ण दिसते, आणि आजवर पडद्यावर तिचे काहीच चीज झालेले नाही. पेटत्या होड्या तयार होतानाचा प्रसंग तिथेच हवा. मात्र त्या बाजूला आरमार हलवून वाचवता आले नसते का, असे प्रेक्षक विचारील. खाडीचे काठ रामाजीपंतांच्या फौजेच्या टापूत होते, म्हणून ते गडाच्या पोटाशी खेटून उभे राहिले असावे, असा आमचा अंदाज आहे. एका संवादात हे सांगून टाकावे.

महिना फेब्रुवारीचा आहे. पावसाळा संपल्यावर हिरव्यागार सड्यावर चित्रीकरण उरकण्याची सवय इथे नडेल. माघात सडा पिवळा पडलेला असतो, गवत कापून झालेले असते, जांभा उघडा. रांगेत लावलेल्या कलमांच्या बागा आणि किनाऱ्यावरची सुरूची बने नंतरची, ती चौकटीत नकोत. गडावरचे ‘साहेबाचे कट्टे’ १८६८ च्या सूर्यग्रहणाशी जोडले जातात, तेही झाकावे लागतील. खलाशांच्या तोंडी पुणेरी मराठी घालू नका, आणि दर दोन मिनिटांनी घोषणाही नकोत. गलबतावर रात्री बोलतात ते फार कमी, आणि बहुतेक पाण्याबद्दल.

राहिला प्रश्न पुढे काय होते याचा. विजयदुर्गाची खरी किंमत बंगालमध्ये दिसते. २० जून १७५६ ला बंगालचा नवाब सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतले. ते सोडवायला १६ ऑक्टोबरला मद्रासहून निघाली ती हीच जहाजे: ‘केंट’, ‘टायगर’, ‘कंबरलँड’, ‘सॅलिसबरी’. हेच वॉटसन आणि क्लाइव्ह. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत, २३ मार्चला चंद्रनगर, २३ जूनला पलाशी. चंद्रनगरात नदीतून फ्रेंच किल्ल्यावर मारा केला तो मुख्यतः ‘केंट’ आणि ‘टायगर’ने, आणि ‘केंट’ला तिथे जबर मार बसला. त्यामुळे विजयदुर्गात केवळ केच जळाल्या असे दाखवून चालणार नाही. तेवढ्याने गड वाचतो, पलाशी टळत नाही. वॉटसन पावसाळ्याआधी मद्रासला जातो आणि पुढचे ठरल्याप्रमाणे होते. ‘टायगर’ खाडीत अडकून निकामी व्हायला हवे आणि त्याला सोडवताना ‘केंट’लाही दुखापत व्हायला हवी. मग ऑक्टोबरात मद्रासच्या समितीसमोर प्रश्न उभा राहतो: दोन मोठ्या जहाजांशिवाय हुगळीत शिरायचे का? शिरलेही असते कदाचित. पण चंद्रनगर तीन तासांत पडले नसते. प्रत्यक्षात त्या दिवशीचा मारा साधारण तेवढाच वेळ चालला होता.

आणि विजयदुर्गाचे? गडाला फक्त मेअखेरपर्यंत तग धरायचा आहे. नैऋत्येचे वारे लागले की कोकण किनाऱ्यावर शिडाचे लढाऊ जहाज थांबू शकत नाही. त्या तीन महिन्यांत छावणीतला समेट होण्याची शक्यता मोठी. रामाजीपंतांना गड हवा होता, तुळाजींना जीव आणि आरमार. आमच्या चित्रपटात गडावर शेवटी पेशव्यांचे निशाण चढते आणि खाली आरमार शाबूत असते. वॉटसन आपल्याच मित्राच्या निशाणावर तोफा डागू शकत नाही. याला तुळाजींचा विजय म्हणायचे की पराभव, यावर प्रेक्षकांनी भांडत बाहेर पडावे. प्रत्यक्षात तुळाजी शेवटपर्यंत कैदेत राहिले आणि विजयदुर्गाचे आरमार पुढे पेशव्यांचे सरदार आनंदराव धुळपांकडे गेले, पण ते नव्याने उभे करावे लागले.

एक शेवटची तक्रार आधीच नोंदवून ठेवतो. अशा चित्रपटांच्या अखेरीस नकाशा येतो आणि सगळा किनारा भगवा होतो. बाणकोट एप्रिल १७५५ मध्येच इंग्रजांकडे गेले होते, विजयदुर्गाच्या जवळजवळ वर्षभर आधी. ऑक्टोबर १७५६ च्या करारात विजयदुर्ग परत करताना इंग्रजांनी बाणकोट धरून दहा गावे कायमची पदरात पाडून घेतली. आमच्या पर्यायी इतिहासात त्यांच्याकडे परत करायला विजयदुर्ग नसेल, म्हणून बाणकोटचा सौदा वेगळा होईल. पण सावित्रीच्या मुखाशी इंग्रजांचे निशाण असेलच. मुंबई, सुरत, गोवा आणि जंजिराही आपापल्या जागी. नकाशा काढणाऱ्याने एवढे ठिपके वेगळ्या रंगात ठेवावेत.

आपले,
वाघोटन खाडीकाठचे काही वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग